बिंदूदादाची फुकटातली रेल्वे

आमच्या बिंदूदादाला गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. शिटी ऐकून ती कुठली गाडी हे तो सांगायचा आणि निम्म्या वेळा चुकायचा. अशा माणसाने पुन्हा म्हणून गाडीत बसायचं नाही असं स्वतःच ठरवून घ्यावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच बघा. मी त्याची चुलत बहीण आहे, मुलींच्या शाळेत गणित शिकवते, आणि मला जे म्हणायचं होतं ते मी त्याच्या तोंडावर म्हणून झालेलं आहे.

त्याचं पूर्ण नाव बिंदुमाधव. दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची गंगापूजनं, श्राद्धं, अभिषेक हे आमच्या घराण्याचं पिढीजात काम, ते तो करतो. यजमान उतरतात त्याच्याच घरी आणि जेवतात त्याच्याच घरी. पूर्वी तोही वरचेवर महाराष्ट्रात जायचा. कुणाकडे मुंज, कुणाकडे वास्तुशांत. मिर्झापूर, माणिकपूर, सतना, कटनी, जबलपूर ही स्टेशनं त्याला संध्येसारखी पाठ. मग एके सकाळी अमृतराव घाटावर दुसऱ्या एका गुरुजींनी चारचौघांत टोमणा मारला की हल्ली काशीचे ब्राह्मण काशीत कमी आणि पुण्यात जास्त सापडतात. दादाचं डोकं तापलं. तो तसाच कमरेइतक्या पाण्यात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर क्षेत्रसंन्यासाचा संकल्प करून मोकळा झाला. क्षेत्रसंन्यास म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. मोठमोठे विद्वान म्हातारपणी, पुष्कळ विचार करून हा संकल्प करतात. आमच्या दादाने तो पन्नाशीच्या आत आणि नाश्त्याच्या आधी केला.

त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. दादाचं एक वेळ ठीक आहे, त्याने आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. पण त्याची बायको, आमची पद्मावहिनी, मूळची वाईची. तिची मोठी बहीण अंबिकाताई वाईत एकटी राहते, पंचाहत्तरीच्या पुढची. तिचे गुडघे गेलेत, ती इकडे येऊ शकत नाही. आणि नवऱ्याचा संकल्प तोच बायकोचा असं घरातल्या-गल्लीतल्या सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून धरलेलं, म्हणून वहिनी तिकडे जाऊ शकत नाही. रोज दुपारी दोघींचा फोन. आधी भाजी कसली केली, मग कोण गेलं, मग कोण जायला टेकलंय, आणि शेवटी नेहमीचा प्रश्न, की आपली भेट कधी. "एकीला गुडघे आडवे आणि एकीला नवरा," असं वहिनी म्हणायची. हसतच म्हणायची. पण फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तशीच बसून राहायची, आणि मला ते बघवत नसे.

गेल्या वर्षी पुण्याचे एक यजमान जाताना मुलाची खेळण्यातली गाडी इथेच विसरून गेले. एक इंजिन, दोन डबे आणि प्लॅस्टिकच्या रुळांचं एक कडं. दादाने फोन केला तर ते म्हणाले, राहू द्या गुरुजी, तुम्हालाच. दादाने सेल घातले, बटण दाबलं आणि गाडी फरशीवर गोल फिरायला लागली. हा पाटावर बसून बघत राहिला. घाटावर यजमान खोळंबले, निरोपावर निरोप आले, तरी उठेना. संध्याकाळी मला मुद्दाम बोलावून त्याने जाहीर केलं की काशी ते महाराष्ट्र अशी अख्खी रेल्वे तो घरात बांधणार आहे.

मी विचारलं, खर्च किती येईल.

"खर्च शून्य," दादा म्हणाला. "इंजिन फुकट आलं. बाकी सगळं सामान घरातच पडलेलं आहे, ईशू."

घरात पडलेलं म्हणजे दानात आलेलं. श्राद्धाला नि तेराव्याला लोक गुरुजींना छत्री देतात, जोडे देतात, तांब्या-पेला, घोंगडी, धोतरजोडी देतात. गेलेल्याला वाटेत उपयोगी पडावं म्हणून. आता एका माणसाला किती छत्र्या लागणार? दादाचा माळा छत्र्यांनी भरलेला होता. त्यातली एक उघडून बघताना त्याला साक्षात्कार झाला की छत्रीची काडी म्हणजे आयता रूळ आहे. पोलादी, सरळ, बारीक, आणि तेल लावलं तर गंजत नाही. रुळांखालचे स्लीपर म्हणून त्याने होमाच्या समिधा घेतल्या, त्या तर एका मापाने कापलेल्याच येतात. खडीच्या जागी गंगेची वाळू. झाडांच्या जागी दर्भाच्या जुड्या. सिग्नलला कुंकू, हळद, आणि हिरव्यासाठी रोज एक ताजं बेलाचं पान. पान दुपारी सुकायचं, आणि सुकलं की गाडी थांबवून ठेवायचा. पुढचा सिग्नल मिळत नाही म्हणे.

जागेचा प्रश्न वहिनीने सोडवला. यजमानांच्या खोल्यांना हात लावायचा नाही आणि स्वयंपाकघराच्या दारात दिसायचं नाही, असं तिने बजावलं. मग राहिला घराच्या मधला चौक. चौकाच्या मधोमध आमचा घरचा महादेव आहे, सभोवार पडवी. पडवीच्या फरशीवर विटा, विटांवर फळ्या, फळ्यांवर रूळ, असा मार्ग निघाला. स्वयंपाकघरापासून लांब राहिलेल्या कोपऱ्यात काशी स्टेशन, आणि तिथून महादेवाला उजवी घालून गोल.

कटनीपर्यंत पोचता पोचता छत्र्या संपल्या. तेवढ्यात पितृपक्ष आला आणि दादाला नवी उमेद आली. घाटावर तो यजमानांना सांगायला लागला की तांब्या नको, घोंगडी नको, छत्री द्या. पितरांना ऊन फार लागतं. लोक बिचारे ऐकत. रोज संध्याकाळी हा काखेत छत्र्यांचा गठ्ठा घेऊन घरी. घाटावरच्या बाकीच्या गुरुजींमध्ये अशी बातमी पसरली की बिंदुमाधव गंगेपलीकडे रामनगरात छत्र्यांचं दुकान काढतोय. इकडे घरात एकही छत्री शाबूत उरली नव्हती. एक दिवस भर पावसात वहिनी भाजी आणायला डोक्यावर परात धरून गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

सातपुडा मात्र दानाच्या धोतरांचा होता. धोतरं खळीत बुडवून, चुरगाळून, वाळवून दादाने इटारसीच्या अलीकडे असे सुंदर डोंगर उभे केले की मीसुद्धा दोन मिनिटं बघत राहिले. खळ गव्हाच्या पिठाची. आठवड्याभरात उंदरांनी सातपुडा साफ केला, आणि जाता जाता जबलपूरही थोडं कुरतडलं. दादाने पुन्हा धोतरं भिजवली, या वेळी कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यात. उंदीर गेले, पण चौकात असा वास सुटला की नाशिकचे यजमान दुसरीकडे उतरायला गेले. मी म्हटलं, हा धर खर्चात. तो म्हणाला, यजमान खर्चात धरत नाहीत.

डब्यांना चाकं हवी होती. लाकडाची बारीक चाकं काढून देणारा एक कारागीर रामनगरला होता. आता रामनगर काशीच्या हद्दीबाहेर. तिथे मेलं तर पुढचा जन्म गाढवाचा, असं आमच्याकडे चेष्टेत म्हणतात आणि मनातून थोडं घाबरतातही. दादाने जाणं शक्यच नव्हतं. तेव्हा माप घेऊन वहिनी जायची, चाकं घेऊन यायची, दादा ती लावून बघायचा, बसायची नाहीत, पुन्हा वहिनी जायची. मी न राहवून विचारलं की संकल्प दोघांचा आहे ना, मग ही कशी हद्द ओलांडते? त्याने समजावलं की ती कामाने जाते आणि दिवेलागणीच्या आत परत येते, त्याला जाणं म्हणत नाहीत. म्हणजे हद्द चाकांसाठी लवचीक होते आणि बहिणीसाठी होत नाही, असं मी म्हटलं. त्यावर त्याने माझ्या हातात एक चाक दिलं आणि हे जरा अंडाकार वाटतंय का, असं विचारलं.

खरी ठिणगी पडली ती बोगद्यावरून. कपाटावर वहिनीची निळी सुटकेस असायची, टणक कवचाची. आत अंबिकाताईसाठी घेतलेली एक बनारसी साडी वर्षानुवर्षं घडी मोडून, पुन्हा घालून ठेवलेली. दादाने साडी काढून कपाटात ठेवली आणि सुटकेसची दोन्ही टोकं करवतीने कापली. बोगदा झाला फर्स्ट क्लास. वहिनीने बघितलं तेव्हा गाडीचा पुढचा डबा सुटकेसमधून बाहेर पडत होता.

"तू कुठे जाणार आहेस आता?" दादा म्हणाला. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या, तेच तर जास्त झोंबतं. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली. त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं, दुसऱ्या दिवशी भाजीत नव्हतं, आणि तिसऱ्या दिवशी यजमानांच्या ताटात सगळं व्यवस्थित असताना दादाच्याच पानात नव्हतं.

मग दादाला आपलं काही चुकलं असा संशय आला. माफी मागणं आमच्या घराण्यात नाही. आम्ही काहीतरी करून दाखवतो. त्याने ठरवलं की गाडी मनमाडला किंवा पुण्याला न थांबता सरळ वाईला जाईल. वाईला रेल्वे नाही हे मी त्याच्या नजरेस आणून दिलं. "सरकारला जमलं नाही ते मी करतो," असं उत्तर मिळालं. महादेवाच्या पिंडीवरच्या अभिषेकाचं पाणी एका दगडी पन्हाळीतून पडवीच्या खालून बाहेर वाहतं. दादाच्या मते ती आयती नदी होती, जिवंत पाण्याची, फुकट. तिचं नाव कृष्णा ठेवलं, वर पूल बांधला आणि पलीकडे वाई वसवली. साबणाच्या वड्यांचा घाट केला. पेढ्यांच्या खोक्याचं अंबिकाताईचं घर केलं, आणि त्याच्या दारात मेणाची अंबिकाताई गुडघे चोळत बसवली. उंदरांचा अनुभव असल्यामुळे ही सगळी वाई त्याने सिमेंटमध्ये पक्की केली.

वहिनीला हाताला धरून आणून दाखवली. ती हसली. मेणाच्या ताईचा पदर तिने नखाने जरा सारखा केला. दादाने फोटो काढून खऱ्या अंबिकाताईला पाठवला, तर तिचं उत्तर आलं की मी इतकी जाड कधी झाले. पण दुपारी फोन ठेवून झाल्यावर वहिनी त्या वाईसमोर जाऊन बसली, आणि आमटीत मीठ परत आलं तरी ती काही पहिल्यासारखी झाली नाही. तिला बघायची होती ती माणसाएवढी बहीण, बोटाएवढी नव्हे. हे मला कळत होतं, वहिनीला कळत होतं, एका दादालाच कळत नव्हतं.

पहिली गाडी सुटली त्या दिवशी सांगलीचे यजमान उतरले होते. दादाने शंख फुंकला, बटण दाबलं. काशी सुटलं, सतना, कटनी, जबलपूर गेलं, सुटकेसमधून गाडी दिमाखात बाहेर आली, कृष्णेचा पूल धडधडत ओलांडून वाईला टेकली आणि वळसा पुरा करून पुन्हा काशीला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सांगलीच्या मंडळींतल्या एक म्हाताऱ्या बाई मात्र जपमाळ थांबवून बघत होत्या.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "तुमची गाडी सोमसूत्र ओलांडून गेली."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. पिंडीवरचं पाणी ज्या वाटेने बाहेर जातं ती वाट म्हणजे सोमसूत्र, आणि ती ओलांडायची नसते. म्हणून महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा नाही. पन्हाळीपर्यंत जायचं आणि आल्या पावली मागे फिरायचं. ही गोष्ट दादा रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत अख्ख्या महाराष्ट्राला सांगतो, कुणी चुकून पाय टाकला तर ओरडतो. आणि फुकटची नदी मिळते म्हणून याच माणसाने सोमसूत्रावर पूल बांधून वर रेल्वे चालवली होती. मला इतकं हसू आलं की मी पदराचा बोळा तोंडात धरला. दादाने गाडी बंद केली, अंघोळ केली आणि प्रायश्चित्त म्हणून महादेवावर रुद्राची एकादष्णी करायला बसला.

दुसऱ्या दिवशी नरहरशास्त्रींना बोलावणं गेलं. शास्त्रीबुवा म्हणजे शेजारच्या गल्लीतले विद्वान, सडपातळ, मितभाषी, आणि रबडीशिवाय निर्णय न देणारे. त्यांनी दोन वाट्या रबडी खाल्ली, रुळांवरून बोट फिरवलं आणि सांगितलं की पाण्यावर दर्भाची काडी आडवी टाका आणि खुशाल जा, शास्त्रात सोय आहे. दादाला ते पटेना. त्याचं म्हणणं, ही सवलत अडचणीतल्या माणसाला. गाडीला कसली अडचण? मग मी सुचवलं की काशी स्टेशनच्या पाठीमागेच तर वाई आहे, तेव्हा गाडी काशीहून उलटी सोडा, सोमसूत्र मध्ये येतच नाही. यावर दादाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी नापास मुलींकडे बघते. "काशीच्या पाठीमागे वाई?" तो म्हणाला. "मग जबलपूर कुठून लागणार? भूगोल म्हणून काही चीज आहे की नाही?"

तेव्हा ठरलं असं, की गाडीने कृष्णेपर्यंत जायचं आणि आल्या रुळांनी मागे फिरायचं, माणसं करतात तसं. पण फुकटचं इंजिन फक्त पुढे जाणारं होतं. मागेपुढे दोन्हीकडे चालणारं इंजिन दिल्लीहून मागवावं लागलं, त्याच्याबरोबर विजेचा डबा, आणि त्या इंजिनाला छत्रीच्या काड्या मानवेनात म्हणून खरेखुरे पितळी रूळ. दिवाळीला घ्यायचा वहिनीचा नवा फ्रिज त्यात गेला. दादाच्या शून्यात एक अख्खा फ्रिज मावला, हे मी गणिताची बाई असून मला आजतागायत उलगडलेलं नाही.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी नवं उद्घाटन ठेवलं. शास्त्रीबुवा आले, मी होते, दोन-तीन यजमान होते. वहिनीच्या हातात हिरव्या खणाचा झेंडा दिला होता. तिने तो हलवला आणि नवं इंजिन लोण्यावरून चालल्यासारखं निघालं. जबलपूर गेलं, बोगदा गेला, मनमाड गेलं, पुणं गेलं. कृष्णेच्या काठाला येऊन, पुलाला शिवायच्या आत, गाडी थांबली. पलीकडे वीतभर अंतरावर मेणाची अंबिकाताई गुडघे चोळत बसली होती. मग इंजिनाने उलटी चाल घेतली आणि सगळी गाडी मागच्या मागे काशीला परत आली. शास्त्रीबुवांनी मान डोलावली. दादाच्या डोळ्यांत पाणी.

"आणि वाई?" वहिनीने विचारलं.

एवढे दिवस निर्णय झाले, इंजिन आलं, रूळ आले, पण ज्या गावासाठी हा खटाटोप मांडला त्या गावाला गाडी आता कधीच पोचणार नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दादा चाचरत म्हणाला की पलीकडे दिसते ना, लांबून का होईना, भेट झाल्यासारखीच आहे.

वहिनी हसायला लागली. उभ्याने हसली, मग पायरीवर बसून हसली, झेंड्यात तोंड खुपसून हसली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते कळलं नाही. यजमान छताकडे बघायला लागले. थोड्या वेळाने तिने त्याच खणाला डोळे पुसले आणि शास्त्रीबुवांकडे वळली.

"शास्त्रीबुवा, एक विचारू का? संकल्पाच्या वेळी बायकोनं नवऱ्याच्या हाताला हात लावला नसेल, तर तो संकल्प तिला लागतो का?"

आमच्याकडे कुठलंही कर्म जोडीने करायचं तर नवरा पाणी सोडतो तेव्हा बायकोने त्याच्या हाताला हात लावायचा असतो. तेवढ्याने ती सहभागी होते. 'बाईंनी हाताला हात लावा,' हे वाक्य दादा दिवसातून किती वेळा म्हणतो, त्याला गणती नाही. शास्त्रीबुवांच्या तोंडात रबडी होती. ती गिळून ते म्हणाले, नाही. मग तो त्या एकट्याचा संकल्प.

"मी त्या दिवशी घाटावर नव्हतेच," वहिनी म्हणाली. "घरी मटार सोलत होते."

शास्त्रीबुवांनी दादाकडे पाहिलं. या नव्हत्या का रे, असं विचारलं. दादाचा चेहरा असा झाला होता, जसा दुसऱ्याच कुणाच्या घरात चुकून शिरलेल्या माणसाचा होतो. नव्हती, एवढंच तो म्हणाला. मला त्याचा संताप आला. शास्त्रीबुवांचा आला, गल्लीचा आला. एवढी शास्त्रं घोटलेली माणसं आजूबाजूला, रोज तेच वाक्य म्हणणारा नवरा घरात, आणि एकालाही एवढ्या वर्षांत विचारावंसं वाटलं नाही की या बाईचा हात कुठे होता.

वहिनी उठली. झेंड्याची नीट घडी घालून तिने ती काशी स्टेशनवर ठेवली. "ईशू, तिकीट काढ," असं मला म्हणाली, "एकच." आणि कुकर लावायला निघून गेली.

नंतरच्या दिवसांत दादाने तिला अडवलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. उलट धावपळ केली. सुटकेस बोगदा होऊन बसलेली, म्हणून एका यजमानाची विसरलेली पिशवी शोधून काढली, शिवून दिली. बनारसी साडी स्वतः वर ठेवली. यजमानांच्या स्वयंपाकाला एक बाई लावली. वहिनी नसताना मीठ किती घालायचं ते विचारून घेतलं.

स्टेशनवर आम्ही दोघं पोचवायला गेलो. स्टेशन हद्दीच्या आत आहे, तिथवर त्याला मुभा. तो पिशवी घेऊन डब्यात चढला, मी खाली खिडकीपाशी उभी राहिले. पिशवी सीटखाली सारल्यावर तो उगाच रेंगाळला. बर्थ हाताने दाबून बघितला, पंख्याचं बटण खाली-वर केलं, खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग वहिनीच्या समोर बसून तिला स्टेशनं सांगायला लागला. मिर्झापूरला चहा घेऊ नको, माणिकपूरला घे, सतन्याला गाडी जास्त थांबते. बोलता बोलता गाडीला धक्का बसला. मी खिडकीवर हात मारला. दादा उठला नाही.

"मी पण येतो," तो वहिनीला म्हणाला. "संकल्प मोडला तर मोडला. प्रायश्चित्ताचं मग बघू."

मला भरून आलं. मी त्याला ओळखते. या माणसाने चार माणसांत गेलेला शब्द राखायला दहा-अकरा वर्षं दात-ओठ खाऊन काढली होती, आणि आता तो अख्खा पणाला लावून हातावर हात ठेवून बसला होता, नव्या नवरदेवासारखा. वहिनीही त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा क्षणभर इतका मऊ झाला की मला वाटलं, आता ही त्याला सरकून खिडकी देणार.

"उतरा," वहिनी म्हणाली. "तुम्ही आलात तर ताईकडेही सकाळी उठून मलाच चहा करावा लागेल."

दादा उतरला. गाडी अजून चालीवरच होती, तरी त्याला दोन पावलं धावावं लागलं. वहिनीची खिडकी आमच्या समोरून गेली तेव्हा ती पलीकडच्या बाकावरच्या बाईला विचारत होती, की तुम्ही कुठवर.